कमल रणदिवे

कमल जयसिंग रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ; जन्म : ८ नोव्हेंबर १९१७, पुणे; मृत्यू : ११ एप्रिल २००१) या भारतीय जीवशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या. शरीराबाहेर काचपात्रात जिवंत पेशी वाढवण्याचे तंत्र त्यांनी मुंबईत रुजवले. परळ येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उभारलेली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा ही देशातील अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. स्तनाच्या कर्करोगाची आनुवंशिकता व संप्रेरकांशी असलेली सांगड, तंबाखू आणि सुपारीची कर्कजनकता, तसेच कुष्ठरोगाच्या जीवाणूचा अभ्यास हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होत. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन या संस्थेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. भारत सरकारने १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण पुरस्काराने सन्मानित केले.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. आईचे नाव शांताबाई. मुलांप्रमाणेच मुलींनाही उत्तम शिक्षण मिळाले पाहिजे, असा वडिलांचा आग्रह होता. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागा शाळेत झाले. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली ही मुलींची शाळा तोवर पुण्यात चांगलीच स्थिरावली होती, आणि शिकलेल्या घरांतील मुलींनी तेथे जाणे ही नवलाई उरली नव्हती. मुलीने पुढे विज्ञान हाच व्यवसाय करावा, ही गोष्ट मात्र त्या काळात विरळाच होती.

आपल्या हुशार मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टराशी विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी विशेष प्रावीण्यासह बी.एस्‌सी. पदवी मिळवली आणि पुढील अभ्यासासाठी पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. १३ मे १९३९ रोजी त्यांचा विवाह गणितज्ञ जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशी झाला. पदव्युत्तर अभ्यासात पतीची त्यांना मोठी मदत झाली. १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्‌सी. पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता सीताफळ, रामफळ यांच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशशास्त्र. या अभ्यासात पेशीच्या विभाजनाचा नेमका क्षण सूक्ष्मदर्शकाखाली गाठून गुणसूत्रे मोजावी लागतात. पेशीकडे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना लागली ती अशी वनस्पतींच्या अभ्यासातून. कर्करोगाशी त्यांचा संबंध आला तो त्यानंतर.

मुंबई आणि खानोलकर यांचे मार्गदर्शन

विवाहानंतर रणदिवे दांपत्य मुंबईला आले. कमल रणदिवे यांना टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम मिळाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झालेले हे रुग्णालय कर्करोगाला वाहिलेले होते. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे होती. लंडनमध्ये शिक्षण घेतलेले खानोलकर हे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला होता. रुग्णाच्या राहणीमानात, खाण्यापिण्यात व सवयींत रोगाचे मूळ शोधण्याकडे त्यांचा कल होता. त्याच वेळी, रुग्णालयातील निरीक्षणे प्रयोगशाळेत पडताळून पाहता येत नाहीत तोवर कारणांविषयीचे अनुमान अपुरे राहते, याचीही त्यांना जाणीव होती. या पडताळणीसाठी त्यांना वैद्यकाबाहेरची माणसे हवी होती. रणदिवे यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, आणि खानोलकरांच्या प्रयोगशाळेत ती अडचण ठरली नाही.

खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी संशोधन सुरू केले. १९४९ मध्ये त्यांना ही पदवी मिळाली. त्यांच्या समकालीन सहकाऱ्यांमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या सत्यवती शिरसाट आणि मानवी आनुवंशिकतेचे अभ्यासक एल. डी. संघवी यांचा समावेश होता. खानोलकरांनी जमवलेल्या या गटातूनच १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले.

उंदरांवरील संशोधन

एकाच वंशातील उंदरांचे पिढ्यान्‌पिढ्या आपसांत प्रजनन करून तयार केलेल्या शुद्ध वाणांचे एक वैशिष्ट्य असते. काही वाणांमधील बहुतेक माद्यांना ठराविक वयानंतर स्तनाचा कर्करोग होतो, तर काही वाणांत तो जवळजवळ आढळतच नाही. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले होते, की कर्करोगाचे प्रमाण जास्त असलेल्या वाणातील पिलांना जन्मतःच दुसऱ्या वाणाच्या मादीच्या दुधावर वाढवले, तर त्यांच्यातील रोगाचे प्रमाण एकदम घटते. आईच्या दुधातून पिलात जाणारा हा घटक पुढे विषाणू असल्याचे सिद्ध झाले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू अशी तीन कारणे या एका रोगात एकत्र आली होती. त्यांपैकी कोणाचा वाटा किती, हा त्या दशकातील कर्करोगशास्त्रापुढचा मोठा प्रश्न होता.

रणदिवे यांच्या पीएच.डी.च्या संशोधनाचा रोख याच प्रश्नावर होता. रोग होण्याआधीच्या, म्हणजे निरोगी अवस्थेतील स्तनग्रंथींची रचना त्यांनी वेगवेगळ्या वाणांत तुलनेने तपासली. रोगाला बळी पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या उंदरांच्या ग्रंथींत आधीपासूनच काही फरक असतो का, हे पाहण्यासाठी वय, गर्भावस्था, दुग्धस्रवण अशा प्रत्येक टप्प्यावरच्या ग्रंथी पसरून, रंगवून व मोजून पाहाव्या लागतात. हे काम चिकाटीचे आहे, आणि त्यातून झटपट निष्कर्ष हाती लागत नाहीत. खानोलकर व रणदिवे यांचा या विषयावरील निबंध १९४७ मध्ये ब्रिटनमधील विकृतिशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढील काळात केंद्रातील प्राणिगृहात त्यांनी उंदरांच्या वसाहती वाढवल्या. केंद्राच्याच नावाने ओळखला जाणारा ‘आयसीआरसी’ हा उंदरांचा वाण तेथे विकसित झाला. त्याच्या माद्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त असते. परदेशातून आणलेले वाण मुंबईच्या दमट हवेत व येथील खाद्यावर टिकवणे कठीण असे. शिवाय प्रत्येक प्रयोगासाठी प्राणी आयात करणे परवडणारेही नव्हते. त्यामुळे स्वतःचा वाण हाती असणे हीच संशोधनाची पूर्वअट होती. स्तनाच्या कर्करोगाप्रमाणेच रक्ताचा कर्करोग व अन्ननलिकेचा कर्करोग यांचाही अभ्यास त्यांनी प्राण्यांच्या साहाय्याने केला. संप्रेरके, अर्बुदकारक विषाणू आणि रोगप्रवणता यांचा परस्परसंबंध दाखवणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते.

बाल्टिमोरमधील काळ

पीएच.डी.नंतर खानोलकरांनी रणदिवे यांना अमेरिकेत जाण्यास प्रोत्साहन दिले. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर त्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

गाय हे ऊतीसंवर्धनातील अग्रणी होते. शरीरातून काढलेल्या ऊतीचा तुकडा बाहेर जिवंत ठेवण्याची कल्पना नवी नव्हती. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू लसिकेच्या थेंबात वाढताना पाहिला होता. परंतु पेशींना दीर्घकाळ खाऊ घालणे, त्यांचे उत्सर्ग काढून टाकणे आणि हवेतील जंतूंपासून त्यांना वाचवणे ही कला फार थोड्या हातांना साधली होती. गाय यांनी त्यासाठी मंद गतीने फिरणारा पिंप तयार केला. त्यात आडव्या बसवलेल्या नळ्या फिरत राहिल्या, की नळीच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी आळीपाळीने पोषणद्रवात बुडत आणि हवेत येत. १९५१ मध्ये याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातील पेशी वाढवण्यात आल्या आणि ‘हेला’ ही न मरणारी पहिली मानवी पेशीमालिका जगाला मिळाली. त्यासाठी लॅक्स यांची संमती घेण्यात आली नव्हती. त्या स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मरण पावल्या. त्यांच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत.

गाय यांच्याकडे रणदिवे यांनी जे आत्मसात केले, त्याचा मोठा भाग पुस्तकात सापडणारा नव्हता. काचेची भांडी किती वेळा आणि कशाने धुवायची, कोंबडीच्या रक्तद्रवाची गुठळी कशी बसवायची, भ्रूणाचा अर्क केव्हा काढायचा, पेशी कोमेजू लागल्याचे पहिले लक्षण कोणते, या गोष्टी शेजारी उभे राहूनच शिकता येत. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर त्या मुंबईला परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून रुजू झाल्या.

ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा

मुंबईत त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्र प्रयोगशाळा आणि ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा स्थापन केली. तेव्हा भारतात तयार पोषणद्रव, निर्जंतुक प्लॅस्टिकची भांडी किंवा पेशींसाठीची रसद्रव्ये बाजारात मिळत नव्हती. परदेशी माल महाग होता, तो पोहोचायला महिने लागत आणि वाटेत बिघडण्याची धास्ती असे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रणदिवे यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र या दोन्ही विषयांतील तरुण साहाय्यक केंद्रात आणले आणि त्यांच्याकडून पोषणद्रव व संबंधित रसद्रव्ये केंद्रातच तयार करून घेतली. हे काम शोधनिबंधांत क्वचितच ठळकपणे दिसते. पण त्याशिवाय पुढचे काहीच शक्य झाले नसते.

पेशीसंवर्धनामुळे कर्करोगाच्या अभ्यासाची पद्धतच पालटली. रुग्णाच्या शरीरातील अर्बुद हे रक्तवाहिन्या, संप्रेरके, प्रतिकारशक्ती आणि इतर अनेक घटकांच्या गुंत्यात असते. काचपात्रातील पेशी या गुंत्यातून सुटलेल्या असतात. एखादा पदार्थ त्यांना वाढवतो, थांबवतो की मारतो, हे थेट पाहता येते, आणि त्याच पदार्थाची निरोगी पेशींवर काय क्रिया होते याची शेजारच्याच पात्रात तुलना करता येते. मात्र काचपात्रातील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. रणदिवे यांच्या विभागात पेशी आणि उंदीर हे दोन्ही मार्ग बरोबरीने चालू राहिले. एका मार्गावर मिळालेले उत्तर दुसऱ्यावर तपासण्याची सोय त्यामुळे एकाच छताखाली झाली. पुढे कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिक्षमताशास्त्र या विषयांचे नवे विभागही त्यांनी केंद्रात सुरू केले.

पेशीपृष्ठावरील शर्करा आणि नंतरचे संशोधन

ऊतीसंवर्धनाने खुल्या केलेल्या संशोधनाचे एक ठळक उदाहरण म्हणजे शर्करांना चिकटणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास. हा रणदिवे यांचा मुख्य विषय नव्हता. तरीही त्यांच्या पिढीने रुजवलेल्या तंत्राशिवाय तो कर्करोगशास्त्रात येऊ शकला नसता, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा परळमधूनच जातो.

प्रत्येक पेशीच्या बाह्यपटलावर शर्करांच्या लहानमोठ्या साखळ्या असतात. विशिष्ट शर्करा ओळखून तिला चिकटणाऱ्या प्रथिनांना लेक्टिने म्हणतात. १८८८ मध्ये डोरपात येथील हेर्मान स्टिलमार्क यांना एरंडाच्या बियांतील प्रथिनाने रक्तपेशींच्या गुठळ्या होतात असे आढळले; तेथून या अभ्यासाचा आरंभ मानतात. १९५२ मध्ये, म्हणजे कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले त्याच वर्षी, टाटा मेमोरियलच्या शेजारच्या केईएम रुग्णालयाशी संलग्न सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून प्रसिद्धीस आला. या गटाच्या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा पायाभूत घटकच नसतो. त्यामुळे त्यांना ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. याच सुमारास लंडनमध्ये विनिफ्रेड वॉटकिन्स व वॉल्टर मॉर्गन यांनी ‘एच’ घटकाची ओळख एका साध्या शर्करेवरून होते, हे दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी वापरली ती ईल माशाच्या रक्तातील द्रवाची. हा मासा वाढतो युरोपातील नद्यांत, पण प्रजननासाठी दूर अटलांटिक महासागरात जातो. त्याच्या रक्तातील प्रथिन फ्यूकोज ही शर्करा ओळखते, आणि द्रवात सुटी फ्यूकोज मिसळली की त्याची ‘ओ’ गटाच्या पेशींना गोळा करण्याची शक्ती नाहीशी होते. भेंडे यांच्या निबंधाच्या लेखकांमध्ये वॉटकिन्स व मॉर्गन यांचीही नावे आहेत.

पेशी कर्करोगग्रस्त झाली की तिच्या पृष्ठावरील शर्करांची घडण बदलते. १९६० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑब यांच्या गटाला गव्हाच्या अंकुरातील एका घटकाने अर्बुदाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा सहज गोळा होताना दिसल्या. हा घटक लेक्टिन असल्याचे नंतर स्पष्ट झाले. तेव्हापासून लेक्टिनांचा शोध वनस्पतींवरून समुद्राकडेही वळला. स्पंज, समुद्रकाकड्या, शिंपले, नालखेकडे अशा प्राण्यांना आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. शिरकाव करणारा जंतू ओळखण्यासाठी त्यांची भिस्त मोठ्या प्रमाणात लेक्टिनांवर असते, म्हणून त्यांच्या शरीरात या प्रथिनांचे वैविध्य मोठे आहे. भूमध्य समुद्रातील कालवासारख्या शिंपल्यातून जपानी संशोधकांनी वेगळे केलेले ‘मायटिलेक’ हे लेक्टिन २०१२ मध्ये प्रकाशात आले. गॅलॅक्टोज शर्करा टोकाला असलेली एक विशिष्ट मेदशर्करा ज्या पेशींच्या पृष्ठावर असते, त्यांना ते चिकटते. बर्किट लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातील पेशींवर ही मेदशर्करा असते. त्या पेशी या लेक्टिनामुळे मरतात. ज्या रक्तकर्करोगाच्या पेशींवर ती नसते, त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्याच्याशिवाय पहिल्यातून एवढेच कळले असते, की हे प्रथिन विषारी आहे. अशी तुलना शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पेशीमालिकांवरच करता येते. सागरी लेक्टिनांपासून बनलेले कर्करोगाचे औषध मात्र अजून रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही. शरीरात गेल्यावर अशी प्रथिने निरोगी पेशींवरील त्याच शर्करांनाही चिकटतात आणि परकी प्रथिने म्हणून शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिक्रियाही देते, या त्यातल्या मुख्य अडचणी आहेत.

कुष्ठरोगाचा जीवाणू

कर्करोगासाठी उभारलेली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा अनपेक्षितपणे कुष्ठरोगाच्या कामी आली. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जीवाणू दाखवला होता. पण तो कोणत्याही कृत्रिम माध्यमात वाढत नसे. जो जंतू वाढवता येत नाही त्याच्यावर लस तयार करणे अवघड असते. खानोलकरांनी या रोगातील मज्जातंतूंच्या विकृतीचा सखोल अभ्यास केला होता, आणि हा जंतू मज्जातंतूंमध्ये आश्रय घेतो हे त्यांना माहीत होते. तेव्हा मज्जापेशींच्याच संवर्धनात तो वाढतो का, हे पाहण्याचे ठरले.

१९५८ मध्ये सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी एका कुष्ठरुग्णाच्या गाठीतील द्रव्य मानवी गर्भाच्या मेरुरज्जूलगतच्या मज्जागंडिकांच्या संवर्धनात ठेवून त्यातून एक आम्लस्थिर जीवाणू वाढवला. तो पुढे ‘आयसीआरसी जीवाणू’ या नावाने प्रसिद्ध झाला. हा मूळ कुष्ठरोगाचाच जीवाणू आहे का, याविषयी दीर्घकाळ वाद झाला. सध्या त्याची गणना क्षयजंतूंच्या जवळच्या दुसऱ्या एका गटात होते. तरीही कुष्ठरोगाच्या जीवाणूशी त्याचे प्रतिक्षमतेच्या दृष्टीने साम्य आढळले. या साम्याच्या आधारे डॉ. म. ग. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ पासून त्यावर आधारित लस विकसित केली. तमिळनाडूत १९९१ पासून सुमारे १ लाख ७१ हजार व्यक्तींवर चार लशींची तुलनात्मक चाचणी झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत आयसीआरसी लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले, तर केवळ बीसीजी लशीचे संरक्षण सुमारे ३४ टक्के होते. तोवर बहुविध औषधोपचारामुळे कुष्ठरोगाचे प्रमाण झपाट्याने घटू लागले होते, आणि लशीची निकड मागे पडली.

तंबाखू आणि सुपारी

मुखाच्या कर्करोगाचा तंबाखूशी असलेला संबंध खानोलकर व संघवी यांच्या रुग्णांवरील अभ्यासांतून पुढे आला होता. पण विड्यात तंबाखूबरोबर पान, चुना, कात आणि सुपारीही असते. यांपैकी दोषी कोण? रुग्णांच्या मुलाखतींतून हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते, कारण बहुतेक जण सगळे घटक एकत्रच चघळतात.

रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्राण्यांवर तपासला. हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात अन्न साठवण्याची पिशवी असते. तिची अंतस्त्वचा सहज बाहेर ओढून पाहता येते. विड्यातील घटकांचे अर्क या पिशवीला वेगवेगळे आणि एकत्रित लावून, तसेच उंदरांना त्वचेखाली टोचून त्यांनी दीर्घकाळ निरीक्षणे केली. हे निष्कर्ष १९७६ व १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुपारी ही निव्वळ निरुपद्रवी सोबतीण नाही, असा त्यांतला संकेत होता. त्या काळात हे पटवणे सोपे नव्हते. पूजेपासून लग्नापर्यंत प्रत्येक कार्यात जिला मान आहे, त्या सुपारीकडे संशयाने पाहण्याची समाजाची तयारी नव्हती, आणि मानवी पुरावाही तोकडा होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विडा कर्कजनक ठरवला, परंतु तंबाखूविरहित विड्याबाबत पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात मात्र याच संस्थेने तंबाखूविरहित विडा आणि खुद्द सुपारी या दोहोंना मानवासाठी कर्कजनक ठरवले. तेव्हा रणदिवे हयात नव्हत्या.

संचालकपद

१९६६ मध्ये कर्करोग संशोधन केंद्र आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांचे एकत्रीकरण होऊन टाटा मेमोरियल सेंटर अस्तित्वात आले. केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. या संक्रमणाच्या काळात, १९६६ ते १९७० या चार वर्षांत, रणदिवे यांनी प्रभारी संचालक म्हणून संस्थेची जबाबदारी सांभाळली. निवृत्तीपर्यंत त्या याच संस्थेत राहिल्या. परदेशात प्रशिक्षण घेतलेल्या तरुण भारतीय संशोधकांनी मायदेशी परतून येथेच काम उभारावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या स्वतः त्याचे उदाहरण होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांची गुणश्री वैद्यकीय शास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती केली होती.

महिला वैज्ञानिकांची संघटना

रणदिवे यांच्या प्रयोगशाळेत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत. त्यांच्यासारख्या इतर संस्थांतील महिला संशोधकांशी चर्चा करताना सर्वत्र सारख्याच अडचणी पुढे येत. मूल लहान असताना ते कोठे ठेवायचे, बाहेरगावाहून मुंबईत आलेल्या मुलीने राहायचे कोठे, काही वर्षे घरी घालवल्यावर पुन्हा संशोधनात कसे यायचे, हे प्रश्न गुणवत्तेचे नव्हतेच. तरीही त्यांच्यामुळे अनेक गुणी स्त्रिया विज्ञानाबाहेर पडत होत्या.

१९७३ मध्ये मुंबईतील महिला वैज्ञानिकांनी एकत्र येऊन इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनची स्थापना केली. तीत रणदिवे यांचा पुढाकार होता. संघटनेने शिष्यवृत्त्या व व्याख्याने यांच्या जोडीला पाळणाघर आणि वसतिगृह यांकडेही लक्ष दिले, हे तिचे वेगळेपण म्हणता येईल. नवी मुंबईत वाशी येथे संघटनेचे मुख्यालय आहे आणि देशात तिच्या अकरा शाखा आहेत.

निवृत्तीनंतरचे कार्य

प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर रणदिवे अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याकडे वळल्या. सह्याद्रीच्या कुशीतल्या या तालुक्यात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती मोठी आहे. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई, अशी तेथील अवस्था असे. १९८९ च्या सुमारास राजूर परिसरातील आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीची माहिती त्यांनी गोळा केली. त्याआधी आदिवासींच्या रक्तातील प्रतिक्षमताविषयक घटकांच्या अभ्यासाचा एक प्रकल्पही त्यांनी राबवला होता, त्यात अर्भकांचा विशेष विचार होता. महिला वैज्ञानिकांच्या संघटनेमार्फत राजूर भागातील गावांत शासकीय आरोग्य योजनांना त्यांनी मार्गदर्शन केले आणि ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देण्याच्या उपक्रमांत भाग घेतला.

सन्मान

भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार १९६४ मध्ये रणदिवे यांना मिळाला. सुवर्णपदक व रोख १५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार देण्यात आला; कर्करोगाच्या अभ्यासकाला हा पुरस्कार लाभण्यामागे कुष्ठरोगाच्या जीवाणूवरील काम होते. १९८२ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्रातील कामगिरीसाठी पद्मभूषण जाहीर झाला.

मृत्यू आणि स्मृती

कमल रणदिवे यांचे ११ एप्रिल २००१ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी निधन झाले. पुढच्याच वर्षी कर्करोग संशोधन संस्थेचे काम परळहून नवी मुंबईतील खारघर येथील प्रशस्त संकुलात हलवण्यात आले. टाटा मेमोरियल सेंटरचे प्रगत संशोधन केंद्र म्हणून ते आता ओळखले जाते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. इब्राहिम रायिंतकत या चित्रकाराने काढलेल्या त्या चित्रात रणदिवे सूक्ष्मदर्शकासह दाखवल्या आहेत.